मदत हवी आहे: सुप्याजवळ शेतावर भोटिया कुत्रा, आणि शेजारी चिंकारा

हडपसरचा फ्लॅट भाड्याने देऊन तीन वर्षांपूर्वी आम्ही बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या शेतावर राहायला आलो. दोनदा विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा उत्तराखंडात नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने भोटियाचं पिल्लू आणून दिलं. हिमालयातल्या मेंढपाळांचं, बिबट्याला भिडणारं कुत्रं. भैरू आता अडीच वर्षांचा, ४८ किलोचा. चोर बंद झाले, पण दुखणं वेगळंच निघालं.

मयूरेश्वर अभयारण्य आमच्या बांधापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. सगळं मिळून ५.१४ चौरस किमी. चिंकारांना, म्हणजे तिथल्या छोट्या हरणांना, तेवढं कसं पुरणार? हरभरा कोवळा असला की संध्याकाळी ती आमच्या रानात येतात. मंगळवारी भैरू तारेखालची माती उकरून निसटला. कळप पांगला, एक मादी मागे राहिली, गाभण असावी. वीस मिनिटांनी हा परतला तो अंगभर कुसळं घेऊन. टॉर्च लावून मी त्याचा जबडा उघडून पाहिला. रक्त नव्हतं.

चिंकारा वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मधलं, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेलं. उद्या 'कुत्र्याने केलं' म्हणून मी कुठे तोंड दाखवू? रात्री बांधून ठेवला तर राखण कसली? शेजारचे धनगर मामा म्हणतात, गळ्यात लोढणं अडकवा. शिवाय इथे लांडगेही आहेत. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३मध्ये जनुकीय तपासणीतून समोर आलंय. त्यात आमच्या घरची भर नको. नसबंदी केली तर राखण सोडतो का?

प्रतिसाद १:
लोढणं नको, लांडगे आले तर त्याला धड पळताही येणार नाही. नसबंदी खुशाल करा. राखण जात नाही, भटकणं कमी होतं. जाळीचा खालचा दोन फूट पट्टा आतल्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर दगड टाका. उकरायला गेला की पंजा जाळीवर. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीजच्या लसी चुकवू नका, हे रोग लांडग्यांनाही होतात. अभयारण्याच्या ५ किमीतल्या गुरांच्या लसीकरणाची तरतूद कायद्यात आहे, कुत्र्याचं नाव मात्र त्यात नाही. म्हणजे ते तुमच्याच अंगावर. चिंकारा जखमी दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ वर फोन.

धागाकर्ता:
आभार. जाळी मोजली, घर आणि विहिरीपुरतीच आधी करतो. नसबंदीचं घरात सांगितलं, तर आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. भैरूला मात्र दुप्पट दूधभाकरी.