सातबाऱ्यावरची चूक कार्यालयाची, मग अर्ज शेतकऱ्यानेच का करायचा?

बांधावरून

परवा या मंचावर एका सदस्याने लिहिले की, पंधरा रुपयांत घरबसल्या डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळत असताना जे अजूनही रडतात, त्यांना तंत्रज्ञान नको असून तलाठ्याची मर्जीच हवी आहे. हे वाक्य मनाला फार लागले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१ मे २०१८ पासून हा उतारा मिळू लागला, तेव्हा आनंद मलाही झाला होता. आमचा उतारा काढून पाहिला, तर आईच्या नावापुढे ८६ आरच्या जागी ६८ आर (एक आर म्हणजे साधारण एक गुंठा)! टंकताना आकडे उलटे पडले होते. बँकेने पीककर्ज ६८ आरवरच मंजूर केले, आणि जवळपास अठरा गुंठे जमीन, जी आई रोज तुडवते, कागदावरून नाहीशी झाली. दुरुस्तीसाठी हस्तलिखित उताऱ्याची नक्कल, जुन्या फेरफाराची (मालकीतल्या बदलाच्या नोंदीची) नक्कल, प्रतिज्ञापत्र आणि अकरा हेलपाटे एवढे लागले, आणि त्यात चौदा महिने गेले. चूक आम्ही केली नव्हती, पण ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार मात्र आमच्यावर होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करण्याची पद्धत, आली आणि तलाठ्याचे आणखी एक काम शेतकऱ्याच्या हातात आले. आई स्वतःच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर उभी असताना मोबाईल तिला सांगत होता की, तुम्ही गटापासून (म्हणजे त्या क्रमांकाच्या जमिनीपासून) दूर आहात. नोंद झाली नाही तर हमीभावाच्या केंद्रावर माल घेत नाहीत. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, त्याची मजुरी कोणाकडून करून घेतली जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

निवृत्त महसूल कर्मचारी

मी एकतीस वर्षे महसूल खात्यात काढली आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. हस्तलिखित सातबाऱ्याचे दिवस तुम्ही विसरलात, किंवा पाहिलेच नाहीत. एका सजात (तलाठ्याच्या हद्दीत) चार-पाच गावे, दप्तर कापडात बांधलेले, आणि तलाठी तालुक्याला गेले असे कळले की उताऱ्यासाठी आलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. फेरफाराची नोटीस कोणाला लागली आणि कोणाला नाही, याचा पत्ता भाऊबंदांनाही नसे. आज तीच नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो. पीक पाहणीचेही तसेच आहे. पूर्वी चावडीत बसून मागच्या वर्षीचे पीक पुढे ओढले जात असे, आणि उसाच्या शेतात कागदोपत्री ज्वारी उभी असे. आता शेतकऱ्याने स्वतः भरलेली नोंद ग्राह्य धरतात, तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के तपासायच्या असतात. हा अधिकार आहे, त्याला मजुरी म्हणणे मला पटत नाही.

मनामा निवासी

मी बहारीनमध्ये नोकरी करतो. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीतून येथूनच केला आणि बहिणींची व माझी नावे लागली. पूर्वी यासाठी महिन्याची रजा आणि विमानाचे भाडे गेले असते. काही लोकांना प्रत्येक सुधारणेत अन्यायच दिसतो.

बांधावरून

तुमचे काम झाले याचा आनंद आहे. पण तुम्हाला इंग्रजी येते, हातात चांगला मोबाईल आहे आणि कागद व्यवस्थित आहेत. माझी आई सातवी शिकलेली आहे. तुमच्या एका अर्जावरून तिला रडकी ठरवू नका, ही स्पष्ट विनंती आहे.

केंद्रवाली

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते आणि दोन्ही बाजू रोज माझ्या टेबलासमोर बसतात. परवा एक आजोबा आले. आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे जाणार. आजोबांनी तीनदा फोन लावला, मुलाने तीनदा कापला, कारण तो कामावर होता. चौथ्या वेळी उचलला, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. आजोबा चिडले ते माझ्यावर. "पूर्वी तलाठी पैसे खायचा, आता तुम्ही खाता," असे म्हणाले. शासनाने ठरवलेल्या दरात विजेचे आणि इंटरनेटचे बिल कसेबसे निघते, सर्व्हर बंद असला तरी शिव्या मीच खाते, आणि वर दलाल हे नाव. बांधावरून यांचे मोठे दुखणे आईचा मोबाईल आहे, पण गावात मोबाईलसुद्धा नसलेल्या बायकांच्या नावावर जमिनी आहेत, त्यांच्याबद्दल येथे कोणी बोलत नाही.

निवृत्त महसूल कर्मचारी

केंद्रवाली यांचे खरे आहे. मात्र मूळ तक्रारीकडे येतो. संगणकाने चुका निर्माण केल्या, हा समज चुकीचा आहे. पुष्कळसे घोळ मुळात हस्तलिखितातच होते, खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी आणि गट आकारबंदाशी (क्षेत्राच्या मूळ सरकारी नोंदीशी) जुळत नव्हता, आणि संगणकाने ते उघडे पाडले. शिवाय संगणकीकृत उताऱ्यांचे चावडी वाचन झाले, म्हणजे ते गावासमोर वाचून दाखवले, तेव्हा हरकत का घेतली नाही?

बांधावरून

चावडी वाचनात आमच्या गावी नावे वाचली, क्षेत्र वाचलेच नाही. मी तेथे बसलो होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

पण बेरजेचा मुद्दा तुम्हीच काढलात, हे बरे झाले. आमच्या गटात चार खातेदार आहेत. आईचे १८ आर कमी झाले आणि बाकी तिघांचे क्षेत्र जसेच्या तसे राहिले, म्हणजे गटाच्या बेरजेत तेवढाच खड्डा पहिल्या दिवसापासून होता. संगणकाला बेरीज येते. मग असे सगळे गट छाटून यादी काढणे आणि कार्यालयाने स्वतःहून नोटीस देणे का झाले नाही? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५५ तुम्ही एकतीस वर्षे वापरले आहे. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत चूक आढळली, तर संबंधितांना नोटीस देऊन आणि हरकती ऐकून ती दुरुस्त करता येते, असे त्यातच आहे. खातेदाराने अर्ज केलाच पाहिजे, असे कलम म्हणत नाही.

मनामा निवासी

रडकी हा शब्द माझा नव्हता, तरी माझा सूर चुकला. तुमच्या आईंबद्दल तसे म्हणायचे नव्हते. ई-हक्क मात्र उपयोगाचेच आहे, त्यावर मी ठाम आहे.

निवृत्त महसूल कर्मचारी

कलम तुम्ही बरोबर वाचले आहे, हे मान्य करावे लागते. न जुळणाऱ्या गटांच्या याद्या निघतही होत्या, पण वरून विचारणा व्हायची ती किती उतारे डिजिटल स्वाक्षरीत झाले याची. दुरुस्तीचा प्रत्येक आदेश तहसीलदाराच्या सहीने निघतो, आणि उद्या चौकशी लागली तर खातेदाराचा अर्ज फाईलला असलेला बरा, असा हिशेब असे. माझ्या टेबलावरून गेलेल्या अशा किती अर्जदारांना मी हेलपाटे घालायला लावले, ते आता मोजता येणार नाही. त्या वेळी तीच रीत होती. तरीही जुन्या दप्तराकडे परत जा, असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

बांधावरून

तसे मीही म्हटलेले नाही. ती यादी प्रत्येक गावच्या चावडीवर, क्षेत्राच्या आकड्यांसह लावा, एवढेच म्हणतो. आमच्या शेजारच्या गटातला एक खातेदार अजून जुन्या उताऱ्याची नक्कल शोधत फिरतो आहे.

केंद्रवाली

यादी लागली तर चावडीवर लावा आणि माझ्या केंद्राच्या दारावरही लावा. चावडीत बायका येत नाहीत.