एक्सपीला एक्सफॅट वाचता येतं, पण जीपीटी नाही

६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोज १० वर उघडतो आणि जुन्या विंडोज एक्सपीवर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतो, तर आधी ‘नो’ दाबा. ड्राइव्ह बहुतेक शाबूत आहे. विंडोज १० मध्ये प्रॉपर्टीज उघडून फाइल सिस्टिम (फाइली साठवायची पद्धत) बघा. ती एक्सफॅट असेल तर एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टचा २००९ सालचा केबी९५५७०४ अपडेट टाका. त्याला सर्व्हिस पॅक २ किंवा ३ लागतो. नंतर रीस्टार्ट.

तरीही दिसला नाही तर एक्सपीतलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ लिहिलेलं असेल तर ३२ बिट एक्सपीपुढे हात टेकायचे. तिला जीपीटीचा, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायच्या नव्या पद्धतीचा, तक्ता कळतच नाही, मग आतली फाइल सिस्टिम एनटीएफएस असो की फॅट३२. डेटा दुसरीकडे काढून, विंडोज १० वर डिस्कपार्ट या कमांड टूलमध्ये ‘क्लीन’ (डिस्क कोरी करणारी कमांड) आणि मग ‘कन्व्हर्ट एमबीआर’ चालवा; एमबीआर म्हणजे एक्सपीला कळणारा जुना तक्ता. ‘क्लीन’आधी ‘लिस्ट डिस्क’मधला आकार दोनदा वाचा, नाहीतर भलतीच डिस्क कोरी व्हायची.

एकाच मशीनवर एक्सपी आणि विंडोज ७ ठेवणाऱ्यांनो, सातचं एनटीएफएस पार्टिशन एक्सपीला नीट दिसतं, पण एक्सपी बूट होताच सातचे रिस्टोर पॉइंट (सिस्टिम मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी) उडतात.