दूरसंचार कंपन्यांची परकी मालकी १०० टक्के खुली झाली. मग स्पर्धा का आटली?

हिशेबनीस (धागाकर्ता)

परकी मालकीवरची मर्यादा उठवली की स्पर्धा वाढते, हे आपल्याकडे जवळजवळ गृहीतच धरले जाते. भारतीय मोबाइल सेवेचा इतिहास मात्र मला याला दुजोरा देणारा वाटत नाही. सुरुवातीचे परवाने दिले गेले तेव्हा परकी भागीदाराला ४९ टक्क्यांहून अधिक वाटा घेता येत नव्हता. ही मर्यादा २००५ मध्ये ७४ टक्के आणि २०१३ मध्ये १०० टक्के झाली, आणि २०२१ मध्ये, भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणूकदार सोडले तर, सरकारी पूर्वपरवानगीची अटही गेली. २०१० च्या सुमारास एकेका परिमंडळात (ज्यासाठी परवाना दिला जातो त्या विभागात) दहा-बारा कंपन्या ग्राहकांसाठी झुंजत होत्या. आज तीन खाजगी कंपन्या आणि एक सरकारी कंपनी एवढेच पर्याय आहेत, आणि त्या तिघींपैकी एक कर्जाने वाकलेली आहे.

परकी कंपन्या गेल्या त्या मालकीच्या मर्यादेमुळे नव्हे. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. मूळ वाटप सदोष होते यात शंका नाही, पण ते वाटप सरकारने केले होते आणि त्याचा फटका नंतर पैसे घालणाऱ्या नॉर्वेच्या टेलेनॉरलाही बसला. जपानच्या डोकोमोने टाटांच्या कंपनीतून बाहेर पडताना करारात ठरलेली किमान किंमत मागितली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसेना. प्रकरण लंडनच्या लवादापर्यंत गेले. ब्रिटनच्या व्होडाफोनने हचिसनच्या भारतीय व्यवसायाच्या खरेदीवरील कराचा खटला जानेवारी २०१२ मध्ये जिंकला आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला. एवढे पाहिल्यावर, मालकीची मर्यादा कितीही वाढवली तरी नवा परकी स्पर्धक येथे कशाच्या भरवशावर उतरेल?

कोकणकडा

आपण शेवटच्या दहा वर्षांवरून पूर्ण काळाचा निकाल लावत आहात. मुंबईत हचिसन, महाराष्ट्र-गोवा परिमंडळात बिर्लांसोबत एटी अँड टी, अशा परकी भांडवलाशिवाय पहिली जाळी उभीच राहिली नसती. (बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी यांच्या संयुक्त कंपनीला लोक गमतीने ‘बटाटा’ म्हणत, पुढे तिचीच आयडिया झाली.) मर्यादा ७४ टक्के झाल्यानंतर २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनचा हिस्सा विकत घेतला, आणि त्या काळातील चुरशीमुळेच कॉलचे दर मिनिटाला काही पैशांत मोजण्याइतके खाली आले. मर्यादा सैल करणे पुरेसे नसेल, पण ते आवश्यक होते, आणि या दोन गोष्टींत आपण गल्लत करत आहात.

सीमारेषा

मला दोन्ही बाजूंचा पाया खटकतो. दूरसंचाराचे जाळे ही सामान्य व्यापारी मालमत्ता नाही; युद्धकाळात किंवा आपत्तीत कोणाचे आदेश चालणार, हा प्रश्न दरांपेक्षा मोठा आहे. २००५ मध्ये मर्यादा वाढवताना संचालक मंडळात भारतीय नागरिकांचे बहुमत असावे ही अट घातली गेली, ती उगाच नव्हे. कॅनडाने मधला मार्ग काढला: ज्या कंपनीचा देशातील दूरसंचार महसुलातील वाटा १० टक्क्यांहून कमी आहे, तिलाच २०१२ मध्ये परकी मालकीच्या बंधनातून सूट मिळाली. आपणही ४९ टक्क्यांवर परत जावे आणि लहान कंपन्यांपुरती सवलत ठेवावी.

हिशेबनीस

सीमारेषा यांनी कॅनडाचे उदाहरण दिले ते बरे झाले, कारण ते माझ्याच बाजूने बोलते. तेथे इजिप्तच्या ओरास्कॉमच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विंड मोबाइलला नियामकाने २००९ मध्ये ‘पुरेशी कॅनेडियन नाही’ म्हणून अडवले आणि मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला. तरीही २०१६ मध्ये ती शॉ या कॅनेडियन केबल कंपनीच्या ताब्यात गेली. दार उघडूनही परकी मालक टिकला नाही. सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यासाठी कोणती उपकरणे बसवायची आणि माहिती कोठे साठवायची यावर नियंत्रण हवे. भागभांडवलाच्या टक्केवारीने ते साधत नाही.

कोकणकडा यांचे ‘आवश्यक’ मी २००५ पुरते स्वीकारतो. त्यानंतरचा निर्णायक घाव मालकीशी संबंधितच नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट सेवेने सुरुवात केली, आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवान्याचे शुल्क आकारताना कंपनीचे दूरसंचारेतर उत्पन्नही धरण्याचा सरकारचा दावा मान्य केला. व्होडाफोन आयडियावर ५० हजार कोटींहून अधिक बोजा पडला. थकबाकीचे समभागांत रूपांतर होत होत २०२५ मध्ये तिच्यातील सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. एकेकाळी परकीयांना घालून दिलेली मर्यादा सरकारनेच गाठावी, हा योगायोग बोलका आहे.

कोकणकडा

जिओच्या फुकट सेवेचे खापर आपण धोरणावर फोडता, पण सर्वसामान्यांच्या हातात स्वस्त इंटरनेट आले ते त्यामुळेच. शिवाय २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गुगलने ३३,७३७ कोटी रुपये जिओ प्लॅटफॉर्म्समध्येच घातले. नियम अस्थिर असल्यामुळे परकी पैसा येत नाही, हे विधान मग टिकत नाही.

हिशेबनीस

टिकते, आणि हाच आकडा ते टिकवतो. तो पैसा जिंकलेल्याच्या पदरात अल्पभाग म्हणून पडला, त्याला आव्हान देणारे नवे जाळे उभारण्यासाठी नव्हे. फेसबुकचा वाटा १० टक्क्यांच्या आतला होता. जुन्या ४९ टक्क्यांच्या नियमातही तो सहज बसला असता. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतरात दर वाढवले, तेव्हा ग्राहकाला जाण्यासाठी चौथे सक्षम दुकान कोणते होते, ते आपण सांगावे.