ओढा आधीचा, भिंत नंतरची
म्योडलारॉइट हे जर्मनीतलं खेडं दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनीत दुभागलं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. गावातून वाहणारा टानबाख ओढा १८१० पासूनच हद्द होता. अलीकडे बव्हेरिया, पलीकडे रॉइसचं संस्थान. तरी शाळा एकच, गुत्ताही एकच, दोन्ही रॉइसच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर, आणि लोक ओढा ओलांडून बिनदिक्कत जात-येत. म्हणूनच १९६६ मध्ये पूर्व जर्मनीने गावात उभारलेली ७०० मीटर काँक्रीटची भिंत इतकी जिव्हारी लागते. वस्ती जेमतेम पन्नासेक माणसांची, आणि पूर्वेकडच्यांना पलीकडे नुसता हात हलवायलाही बंदी!

भिंतीचा एक तुकडा मुद्दाम राखलाय. आजही गाव दोन राज्यांत आहे, पिनकोडही दोन. नमस्कार म्हणून एका काठावर ‘ग्र्यूस गॉट’, दुसऱ्यावर ‘गूटन टाग’. मध्ये एका ढांगेत ओलांडता येईल एवढंसं पाणी.