पायांचे एमईपी गेले, हातांचे आहेत: थांबायचं का?

भूलतज्ज्ञ, पुसद
क्षयाने मणका वाकलेला रुग्ण आहे, टी-८ (छातीच्या भागातला आठवा मणका) च्या आसपास. शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं मशीन आणि टेक्निशियन नागपूरहून येणार. रॉड बसवताना पायांचेच एमईपी (मेंदूला विद्युत झटका देऊन स्नायूंत मोजलेला प्रतिसाद) गेले आणि एसएसईपी (हातापायाच्या नसेला झटका देऊन मेंदूकडे पोहोचलेला संवेदनेचा प्रतिसाद) चांगले राहिले, तर दोष भुलेचा की मज्जारज्जूचा?

न्यूरोमॉनिटरिंग टेक्निशियन, नागपूर
सर, थांबायलाच हवं. एसएसईपी मुख्यतः मागच्या स्तंभांतली संवेदना दाखवतो. मज्जारज्जूच्या पुढच्या धमनीचा पुरवठा तुटला तर पाय लुळे पडतात आणि एसएसईपी तरी शाबूत दिसू शकतो. शिवाय तो शेकडो प्रतिसादांची सरासरी असते, म्हणून बदल उशिरा कळतो.

हातांकडे पाहा. भूल खोल गेली किंवा स्नायू शिथिल करणारं औषध उरलं असेल तर हातही पडतात. मात्र भुलेने पाय आधी फिके होतात, हळूहळू. रॉड वळवताच गेले तर मज्जारज्जूच धरा. ट्रेन-ऑफ-फोर (नसेला चार झटके देऊन स्नायू अजून शिथिल आहेत का ते पाहणं) लगेच बघून घ्या.

भूल प्रोपोफॉल आणि फेंटानिलवर ठेवा, श्वासाची नळी टाकल्यानंतर शिथिल करणारं औषध नको. आणि कृपया अर्थिंग आदल्या दिवशी तपासून ठेवा. लाइट जाऊन जनरेटर लागला की ५० हर्ट्‌झचा विजेचा व्यत्यय एसएसईपी गिळतो.

स्पाइन सर्जन, अकोला
शेवटची कृती आधी उलटवा: रॉड सैल करा, ताण काढा, शेवटचा स्क्रू तपासा. त्याच वेळी भूलतज्ज्ञांनी सरासरी रक्तदाब ८५ च्या वर न्यावा, तापमान आणि हिमोग्लोबिन बघावं. आपल्या भागात सिकलसेलची तपासणी आधीच झालेली हवी. सिकलसेलच्या रुग्णाला गारठा आणि कमी रक्तदाब दोन्ही घातक.

एक सांगतो, क्षयाच्या रुग्णात पायांत आधीच अशक्तपणा असेल तर बेसलाइन (सुरुवातीची नोंद) क्षीण येते. पालथं करण्याआधी आणि नंतर, दोन्ही नोंदी घ्या. नाहीतर तुलना कशाशी करणार?

भूलतज्ज्ञ, गडचिरोली
एवढं करूनही एमईपी परतले नाहीत तर रुग्णाला टेबलावर जागं करून पाय हलवायला सांगा. आधी हाताची मूठ वळायला लावा, म्हणजे तो ऐकतोय हे कळतं. सूचना रुग्णाच्या बोलीत हव्यात. गोंडी बोलणाऱ्याला तुमची मराठी त्या गुंगीत कळणार नाही; नातेवाइकाकडून शब्द घेऊन आदल्या संध्याकाळी सराव करून घ्या. नळी आणि डोकं धरायला एक माणूस वेगळा ठेवा, पालथ्या रुग्णाची नळी निघाली तर परत टाकणं फार अवघड.

एमईपीच्या झटक्याने जबडा आवळतो, जीभ तुटते. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या घट्ट गुंडाळ्या ठेवा आणि पालथं केल्यावर जीभ मोकळी आहे ना, ते पुन्हा बघा.