जुन्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज १५ वरून १०.५ वर : आधी थर्मोस्टॅट बदलावा की ऑक्सिजन सेन्सर?

माझी २००९ सालची, १.२ लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक १,१२,००० किलोमीटर चालली असून, पुण्यातील गर्दीतही लिटरला १५ किलोमीटर देणारी ही गाडी गेल्या तीन महिन्यांत १०.५ वर आली आहे. हे आकडे दरवेळी टाकी फुल करून, सलग चार वेळा काढलेले आहेत. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे थोडी घट होणार हे मान्य, परंतु ती तीस टक्के नसते.

एअर फिल्टर व प्लग नवे घातले, टायरमध्ये हवा ३२ पीएसआय ठेवली, चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिली. ब्रेक कुठेही धरून बसत नाहीत. पेट्रोलची गळती नाही. मात्र काढलेल्या चारही प्लगांच्या टोकांवर बोटाला लागेल अशी कोरडी काजळी होती. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, पण स्कॅनर लावला असता वीस किलोमीटर चालवूनही कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ७० अंशांच्या वर गेले नाही, आणि थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाइप लगेच कोमट होऊ लागतो; म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असावा. ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा, ज्यावरून इंजिनात पेट्रोल किती सोडायचे ते ठरते) मूळचाच आहे. त्याचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ दरम्यान हलते, पण संथपणे.

मेकॅनिक इंजेक्टरसकट सगळेच बदलायला सांगतात, जे या वयाच्या गाडीला मला पटत नाही. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट एकटाच एवढी घट घडवू शकतो का, आणि तो बदलण्यापूर्वी सेन्सर खरोखर मंदावला आहे की इंजिन थंड राहिल्यामुळे तसा भासतो, हे कसे ओळखावे?