मोकळ्या भूखंडावर रात्री ओतला जाणारा राडारोडा: तक्रारीत काय लिहावं, जागा कशी बंद करावी?

मागची गल्ली
वस्तीमागच्या भूखंडावर रात्री टेम्पोतून राडारोडा, गाद्या, टायर ओततात. तक्रारीनंतर ढीग उचलला जातो, पण महिन्याभरात तेवढाच पुन्हा साठतो. टाकणाऱ्यापर्यंत पोचायचं तर तक्रारीत नेमकं काय हवं? आणि जागा कायमची बंद कशी करायची?

घनमीटर
‘कचरा पडलाय, उचला’ एवढंच लिहिलं की झाडूवाले येतात आणि हात हलवत परत जातात. किती माल आहे ते लिहा, म्हणजे कोणती गाडी पाठवायची ते ठरतं. पसरलेला ढीग ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर उंच असेल तर ६ घनमीटर, म्हणजे दोन ब्रासच्या थोडं वर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). इथे जेसीबी आणि डंपरच लागतो. ढीग शंकूसारखा असेल तर तळाचं क्षेत्रफळ गुणिले टोकाची उंची, त्याचा एक तृतीयांश धरा.

फोटो तीन काढा: लांबून, ज्यात इमारत किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल, मग पूर्ण ढीग, मग जवळून माल. लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल जपा. चॅटवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती बहुधा गळून जाते.

जागा कोणाची, हे आधी बघा. रस्ता, नाला, खासगी भूखंड, प्रत्येकाचं खातं वेगळं. चुकीच्या खात्यात गेलेली तक्रार ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून बंद होते.

गाडी दिसलीच तर क्रमांक, रंग, मागच्या हौद्यावर लिहिलेलं नाव, वेळ आणि कुठल्या दिशेनं गेली ते टिपा. हौदा उलटतानाचा एक फोटो दहा वर्णनांपेक्षा मोलाचा. पाठलाग अजिबात नको. क्रमांक समाजमाध्यमांवरही टाकू नका: गाडी भाड्याची असू शकते, आणि टाकणारा सावध होतो तो वेगळाच.

हातमोजे
ढिगात हात घालू नका, सुया आणि काचा असतात. कुरिअरचं पाकीट, बिल, खोक्यावरचं लेबल दिसलं तर आहे तिथेच फोटो काढा आणि तक्रारीत तसं लिहा. उचलून घरी नेलेला कागद ‘ढिगातच होता’ हे सिद्ध करणं अवघड जातं.

राखाडी पन्हळी सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका, झाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आहे असंच समजा. बंद ड्रम दिसले तर वास घेऊ नका, लांब व्हा आणि थेट अग्निशमन दलाला कळवा.

टायरचा उल्लेख तक्रारीत सगळ्यात वर करा. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. पाणी ओतून दिलं तरी आतल्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे टायर तिथून हललेच पाहिजेत.

खांब आणि साखळी
नुसत्या फलकानं काही थांबत नाही. गाडी आत शिरते ती वाट खांब रोवून बंद करा. खांबांमधलं मोकळं अंतर १.२ मीटर ठेवा: चाकाची खुर्ची जाते, टेम्पो अडतो. खांब जमिनीवर ९० सेंटीमीटर, खाली ६० सेंटीमीटर काँक्रीटमध्ये. उथळ रोवलेला खांब गाडीच्या एका धक्क्यात वाकतो. एक खांब कुलूप लावून काढता येईल असा ठेवा, अग्निशमनाची गाडी आत जायला हवी.

कॅमेरा ढिगाकडे लावण्याची चूक फार जण करतात. अख्खा भूखंड दिसतो, पण नंबरप्लेट वाचता येत नाही, त्यात हेडलाइटनं चित्र पांढरं पडतं. तो वाटेच्या अरुंद तोंडावर लावा, बाहेर जाणाऱ्या गाडीची मागची प्लेट जवळपास समोरून दिसेल असा.

आजूबाजूला घरांची डागडुजी चालू असेल तर मालकांना सांगा: ठेकेदाराचा शेवटचा हप्ता राडारोडा अधिकृत ठिकाणी उतरवल्याची पावती हातात पडल्यावरच द्या.

मागची गल्ली
खांब आधी लावू की ढीग आधी उचलायला लावू?

खांब आणि साखळी
ढीग आधी, नाहीतर जेसीबी आत जाणार नाही. पण खड्डे आदल्या दिवशीच आखून ठेवा आणि ढीग हलला की त्याच दिवशी खांब रोवा. काँक्रीट घट्ट होईपर्यंत आठवडाभर वाटेवर मोठे दगड आडवे टाका, साफ झालेल्या जागेवर पहिली गाडी याच दिवसांत येते.